बालगृह सोडताना आणि सोडल्यानंतर: सज्ञान होणाऱ्या तरुणांना साथ देण्याची रीत

महाराष्ट्रातील बालगृहात, प्रतिपालक कुटुंबात म्हणजे फॉस्टर केअरमध्ये, किंवा बालसंगोपन योजनेच्या आधाराने नातेवाइकांकडे वाढलेल्या मुलामुलींसाठी अठरावा वाढदिवस हा शासकीय कागदावरचा दिनांकही असतो. त्या दिवसापर्यंत जेवण, फी, औषधपाणी आणि अर्जावर पालक म्हणून करायची सही ही कोणाची तरी ठरलेली जबाबदारी असते. त्यानंतर ती व्यक्ती कायद्याने सज्ञान ठरते आणि ही सारी कामे एकदम तिच्या अंगावर येतात. आईवडिलांच्या घरी वाढलेल्या मुलाला अठरा पूर्ण झाले म्हणून कोणी सामान बांधायला सांगत नाही. नोकरी सुटली तर तो घरी परततो, आजारी पडला तर कोणीतरी रजा टाकून त्याला दवाखान्यात नेते.

हा लेख अधीक्षक, समुपदेशक, स्वयंसेवक, प्रतिपालक, तसेच भाच्याला किंवा पुतणीला सांभाळणारे मामा आणि काका अशा सर्वांसाठी आहे. निवारा आणि नोकरी या दोन गोष्टी मिळाल्या की काम झाले, असा समज आपल्याकडे पक्का आहे, आणि तो अपुरा आहे. नव्या कंपनीत रुजू होताना भरायच्या अर्जात नामनिर्देशित व्यक्ती, तातडीच्या वेळी संपर्क आणि कायमचा पत्ता असे तीन रकाने असतात. नोकरी मिळवलेला तरुण नेमका तिथे पेन धरून थांबतो. म्हणून पुढील प्रत्येक पायरीवर एकच प्रश्न विचारत जावे: घरात जे काम न बोलता होऊन जाते, ते या तरुणासाठी नेमके कोण करणार आहे, आणि त्या माणसाचे नाव व फोन नंबर लिहून ठेवला आहे का?

कायद्याने काय मिळते ते आधी जाणून घ्या

बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ च्या कलम ४६ नुसार, अठरा वर्षे पूर्ण करून संस्था सोडणाऱ्या मुलाला समाजात स्थिरावण्यासाठी आर्थिक साहाय्य देता येते. या पुढच्या काळजीला आपल्याकडे अनुरक्षण म्हणतात. ती साधारणपणे एकविसाव्या वर्षापर्यंत आणि अपवादात्मक परिस्थितीत तेविसाव्या वर्षापर्यंत देण्याची तरतूद २०१६ च्या आदर्श नियमांत आहे. सहा ते आठ जणांनी एकत्र राहण्याची तात्पुरती व्यवस्था, प्रशिक्षणकाळात विद्यावेतन, उच्च शिक्षणासाठी शिष्यवृत्ती, नियमित संपर्कात राहणारा समुपदेशक आणि स्वतःचा व्यवसाय करू पाहणाऱ्यांना कर्ज मिळवून देण्यासाठी मदत, इतक्या गोष्टी त्याच नियमांत नमूद आहेत. केंद्र शासनाच्या मिशन वात्सल्य योजनेत अनुरक्षणासाठी दरमहा ४,००० रुपयांची तरतूद आहे.

मात्र ‘देता येते’ आणि ‘आपोआप मिळते’ यांत मोठे अंतर आहे. अनुरक्षणासाठी बाल कल्याण समितीचा (काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलांविषयी निर्णय घेणाऱ्या समितीचा), किंवा विधिसंघर्षग्रस्त, म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेल्या, मुलाच्या बाबतीत बाल न्याय मंडळाचा, आदेश लागतो. संस्था सोडण्याच्या दोन महिने आधी परिविक्षा अधिकारी, बाल कल्याण अधिकारी किंवा केस वर्कर यांनी सुटकेनंतरचा आराखडा समितीपुढे ठेवावा, असे नियम सांगतात. प्रत्यक्षात हा आराखडा कित्येकदा घाईघाईने, ‘मामाकडे जाणार’ एवढ्या एका ओळीत उरकला जातो, आणि तसे झाले की आदेश निघत नाही, आदेश नाही म्हणून पैसे नाहीत. त्यामुळे प्रत्येक विनंती लेखी करावी, तिच्या प्रतीवर आवक क्रमांक घ्यावा आणि ती प्रत तरुणाच्या स्वतःच्या फाइलमध्ये ठेवावी. अर्ज कुठे अडला आहे, याची विचारणा जिल्हा बाल संरक्षण कक्षात किंवा जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात करता येते.

पहिली पायरी: तयारी सोळाव्या वर्षी सुरू करावी

दोन महिने आदेशासाठी पुरतील, तयारीसाठी पुरणार नाहीत. सोळा पूर्ण झाले की मुलासोबत बसून त्याचा वैयक्तिक काळजी आराखडा वाचावा. हा आराखडा मुलाविषयी असला तरी तो मुलाने कधी पाहिलेलाच नसतो, हे बऱ्याच ठिकाणी आढळते. त्यात काय लिहिले आहे, काय चुकले आहे, शिक्षणाविषयी मुलाची स्वतःची इच्छा काय आहे, नात्यातील कोणाशी त्याला संपर्क हवा आहे आणि कोणाशी अजिबात नको आहे, हे त्याच्याच शब्दांत लिहून घ्यावे.

याच काळात संस्थेची शिस्त थोडी सैल करण्याचे धाडस दाखवावे लागते. घंटा झाली की उठायचे, पंगतीत बसायचे, साबण आणि वही भांडारातून मिळायची, दवाखान्यात ताईंसोबत जायचे, अशा व्यवस्थेत मूल सुरक्षित राहते. पण सतराव्या वर्षीही त्याने कधी एकट्याने दुकानातून तेलाची पिशवी आणलेली नसते. आपल्या गजराने उठणे, चार माणसांचा स्वयंपाक रांधणे, एकट्याने एसटीचा प्रवास करून परत येणे, सरकारी रुग्णालयात केसपेपर काढून डॉक्टरांना आपले दुखणे नीट सांगणे, बँकेत जाऊन पासबुक भरून आणणे, ही कामे शिकवण्याच्या तासात शिकता येत नाहीत. ती प्रत्यक्ष करू द्यावी लागतात आणि त्यात होणारा गोंधळ सहन करावा लागतो. पाचशे रुपये देऊन आठवडाभराची खरेदी करायला सांगितलेल्या मुलीने पहिल्या दोन दिवसांत सगळे पैसे संपवले, तर ते संस्थेत असतानाच संपलेले बरे. सुरक्षेचा मुद्दा पुढे करून हे टाळणाऱ्या अधीक्षकांची अडचण मला समजते, कारण काही बरेवाईट झाले तर जाब त्यांनाच विचारला जातो. तरीही समितीला कळवून, लेखी परवानगीने हे करता येते आणि करायला हवे.

दुसरी पायरी: कागदपत्रे, आणि तीही योग्य क्रमाने

या पायरीला सर्वांत जास्त वेळ द्या. एक कागद नसला की दुसरा मिळत नाही आणि दुसऱ्यावाचून तिसरा अडतो.

सुरुवात नावापासून करावी. दाखल होताना पोलिसांनी लिहिलेले एक नाव, शाळेच्या दाखल्यावर दुसरे, आधारवर तिसरेच स्पेलिंग, असा प्रकार सर्रास दिसतो. दहावीच्या परीक्षेच्या अर्जात जे नाव आणि जी जन्मतारीख जाते, तीच पुढे आयुष्यभर प्रमाण मानली जाते. म्हणून तो अर्ज भरण्यापूर्वी सर्व कागद एकमेकांशी ताडून पाहावेत. जन्माची नोंदच नसेल, तर एक वर्षाहून अधिक उशिराच्या नोंदणीसाठी दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो आणि त्याला महिने लागू शकतात. हे काम सतराव्या वर्षाच्या पुढे ढकलू नये.

आधारमध्ये दोन अडचणी हमखास येतात. पंधराव्या वर्षी बोटांचे ठसे आणि डोळ्यांची नोंद नव्याने करणे बंधनकारक असते. ती राहून गेली असेल तर पुढे ओळख पटवताना यंत्र नकार देते. दुसरी अडचण मोबाईल क्रमांकाची. मूल लहान असताना संस्थेतील एखाद्या कर्मचाऱ्याचा नंबर आधारला जोडलेला असतो. तो कर्मचारी मधल्या काळात बदलून गेलेला असतो आणि प्रत्येक ओटीपी त्याच्या फोनवर जातो. सिमकार्ड स्वतःच्या नावावर अठरा पूर्ण झाल्यावरच मिळते, त्यामुळे क्रम असा ठेवावा: वाढदिवसानंतर लगेच सिमकार्ड, मग आधार केंद्रात जाऊन नवा नंबर जोडणे, मग बँकेत सज्ञान खातेदार म्हणून केवायसी, आणि शेवटी डिजिलॉकर, म्हणजे कागदपत्रे ऑनलाइन जतन करण्याची शासकीय सोय. हा क्रम उलटा केला की त्याच खिडकीवर तीनतीनदा जावे लागते. पत्त्याचा पुरावा नसेल, तर संस्थाप्रमुखांनी ठरावीक नमुन्यात दिलेले प्रमाणपत्र आधारसाठी चालते.

आईवडील दोघेही नसलेल्या मुलांसाठी अनाथ प्रमाणपत्राचे महत्त्व फार आहे. महाराष्ट्राने २०१८ मध्ये अनाथांसाठी शिक्षण आणि शासकीय नोकऱ्यांत एक टक्का समांतर आरक्षण लागू केले, आणि त्याचा लाभ या प्रमाणपत्रावाचून मिळत नाही. पुढे या सवलतीत संस्थेत वाढलेले आणि संस्थेबाहेर, म्हणजे नातेवाइकांकडे वाढलेले, असे प्रवर्ग करण्यात आले. त्यामुळे मामाकडे वाढलेल्या मुलीनेही आपला हक्क नाही असे गृहीत धरू नये. प्रमाणपत्र महिला व बाल विकास विभागाकडून मिळते. त्यासाठी समितीचे आदेश, दाखल झाल्याची नोंद आणि पालकांच्या मृत्यूचे पुरावे यांसारखे कागद गोळा करावे लागतात, आणि हे कागद संस्थेच्या कपाटातून काढून देणारा माणूस ओळखीचा असतानाच अर्ज केलेला बरा. आई किंवा वडील हयात असतील किंवा त्यांची माहिती असेल, तर जातीच्या दाखल्याचा मार्ग उघडा असू शकतो. तेव्हा केस फाइलमधील घर चौकशीचा अहवाल पुन्हा एकदा काळजीपूर्वक वाचावा.

वय, अधिवास व राष्ट्रीयत्व प्रमाणपत्र, पॅन कार्ड आणि शिधापत्रिका हे त्यानंतरचे कागद. मतदार यादीसाठी सतरा पूर्ण झाल्यावरच आगाऊ अर्ज करता येतो, आणि १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै व १ ऑक्टोबर या चार अर्हता दिनांकांपैकी अठरा पूर्ण झाल्यानंतर येणाऱ्या पहिल्या दिनांकाला नाव नोंदले जाते. पासपोर्टसाठी जन्मतारखेचा पुरावा नसलेल्या अनाथ तरुणाला संस्थाप्रमुखांचे संस्थेच्या पत्रशीर्षावरील जन्मतारखेचे निवेदन जोडता येते. ही सवलत २०१६ पासून आहे, पण खिडकीवर ती कोणी आपणहून सांगत नाही.

दिव्यांग तरुणांच्या बाबतीत वैश्विक दिव्यांग ओळखपत्र, म्हणजे यूडीआयडी कार्ड, आधीच काढावे. बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी किंवा बहुविकलांगता असलेल्या व्यक्तीला सज्ञान झाल्यावरही पालकत्वाची गरज असेल, तर १९९९ च्या राष्ट्रीय न्यास अधिनियमाखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करावा लागतो. विधिसंघर्षग्रस्त म्हणून संस्थेत राहिलेल्या तरुणाने अर्जातील गुन्ह्याविषयीचा रकाना भरण्यापूर्वी कायदेशीर सल्ला घ्यावा. बाल न्याय अधिनियमाचे कलम २४ गुन्हा केल्याच्या निर्णयामुळे येणारी अपात्रता, काही अपवाद वगळता, दूर करते. हा सल्ला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे विनामूल्य मिळू शकतो.

मूळ कागद संस्थेत ठेवून तरुणाला झेरॉक्स देण्याची पद्धत बंद व्हावी. यादी करून, दोघांच्या सह्या घेऊन, सर्व मूळ कागद त्याच्या हाती द्यावेत. ‘हरवेल’ ही भीती खोटी नाही. त्यावर उपाय म्हणून स्कॅन केलेली प्रत संस्थेत आणि डिजिलॉकरमध्ये ठेवावी.

तिसरी पायरी: राहण्याची सोय

पर्याय साधारण चार: शासकीय किंवा स्वयंसेवी अनुरक्षणगृह, शैक्षणिक वसतिगृह, मित्रांसोबत भाड्याची खोली, आणि नातेवाईक किंवा प्रतिपालक यांच्याकडे राहणे. प्रतिपालक कुटुंबाची इच्छा असेल तर अठरानंतरही तिथेच राहण्यासारखे दुसरे चांगले काही नाही. पण अनुदान थांबल्यावर खर्च कसा वाटून घ्यायचा आणि मुलाने घरात काय हातभार लावायचा, हे आधी मोकळेपणाने बोलावे. न बोललेली अपेक्षा हे अशा नात्यातील कडवटपणाचे पहिले कारण असते.

ज्या घरातून मुलाला काढून संस्थेत आणावे लागले, त्याच घरी अठराव्या वर्षी ‘आता मोठा झाला’ म्हणून परत पाठवणे हा सर्वांत सोपा आणि अनेकदा सर्वांत वाईट निर्णय असतो. दारू, मारहाण किंवा अत्याचार हे मूळ कारण मिटले आहे का, हे प्रत्यक्ष गृहभेट देऊन पाहिल्याशिवाय तो घेऊ नये. मुलींच्या बाबतीत आणखी एक सोयीचा मार्ग शोधला जातो, तो म्हणजे लग्न. अठरा पूर्ण झाल्यावर लग्न कायदेशीर होते, म्हणून ते पुनर्वसन ठरत नाही. जिला एकटीने खोली घेऊन राहता येत नाही आणि चार पैसे मिळवता येत नाहीत, तिचे लग्न बिघडले तर ती जाणार कुठे, याचे उत्तर देता आल्याशिवाय कोणत्याही संस्थेने स्थळे पाहू नयेत.

भाड्याच्या खोलीचे व्यवहार तपशिलाने शिकवावेत. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, आणि त्याची जबाबदारी घरमालकावर असते. अनामत रकमेची पावती, वीजबिल कोणी भरायचे, खोली सोडण्यापूर्वी किती दिवस आधी कळवायचे, या तीन गोष्टी कागदावर असल्याशिवाय पैसे देऊ नयेत. घरमालकाचा ठरलेला प्रश्न असतो, ‘घरी कोण कोण असते?’ त्याचे उत्तर त्या क्षणी शोधावे लागू नये. ‘मी शिक्षण संस्थेच्या वसतिगृहात राहून पूर्ण केले आहे, माझ्या ओळखीसाठी या ताईंशी बोला’ एवढे एक खरे आणि पुरेसे वाक्य तयार असले, तर आवाज कापत नाही. आपली संपूर्ण कहाणी सांगणे हे भाडेकरूचे कर्तव्य नाही. ज्यांचे नाव सांगायचे, त्या ताईंना किंवा सरांना मात्र आधी कल्पना दिलेली असावी आणि त्यांनी फोन उचलायला हवा.

चौथी पायरी: शिक्षण आणि काम

डिसेंबरात अठरा पूर्ण होतात आणि बारावीची परीक्षा फेब्रुवारीत असते, अशी मुले दरवर्षी असतात. परीक्षा होईपर्यंत राहण्याची सोय कायम ठेवावी, अशी लेखी विनंती समितीकडे वेळेत न केल्यास ऐन सराव परीक्षेच्या दिवसांत सामान हलवावे लागते. दिनदर्शिकेवर ही तारीख सोळाव्या वर्षीच लाल शाईने लिहून ठेवावी.

अभ्यासक्रम निवडताना संस्थेच्या सोयीपेक्षा मुलाचा कल पाहावा. मुलींना शिवणकाम आणि ब्युटी पार्लर, मुलांना आयटीआयचा जो ट्रेड रिकामा असेल तो, ही वाटणी अजूनही चालते. आयटीआय वाईट नाही. उलट शिकाऊ उमेदवारीत विद्यावेतन मिळत असल्याने ज्याला लगेच कमावणे भाग आहे त्याच्यासाठी तो शहाणपणाचा मार्ग आहे. पण ज्या मुलीला नर्सिंग करायचे आहे आणि जिचे गुण तेवढे आहेत, तिला ‘लवकर पायावर उभी राहा’ म्हणून सहा महिन्यांच्या वर्गात बसवणे हा अन्याय आहे. तेविसाव्या वर्षापर्यंतची अपवादात्मक तरतूद अशाच ठिकाणी मागायची असते.

कामाच्या बाबतीत पहिल्या नोकरीकडून फार अपेक्षा ठेवू नये. पगारपत्रक मिळते का, भविष्य निर्वाह निधीचा यूएएन, म्हणजे नोकरी बदलली तरी कायम राहणारा, क्रमांक दिला आहे का, दरमहा २१,००० रुपयांपर्यंत वेतन असल्यास कर्मचारी राज्य विमा योजना लागू आहे का, हे प्रश्न विचारायला शिकवावे. संस्थेत वाढलेल्या अनेक मुलांना वरिष्ठांनी आवाज चढवला की गप्प राहायचे किंवा सरळ निघून जायचे, एवढ्या दोनच प्रतिक्रिया माहीत असतात. नोकरी सोडण्याआधी एक फोन करायचा, एवढा करार मार्गदर्शकाने त्यांच्याशी करावा.

पाचवी पायरी: पैसा

संस्था सोडताना हातात अनामत रक्कम आणि दोन महिन्यांचा खर्च असला पाहिजे, कारण पहिला पगार काम सुरू केल्यावर महिन्याभराने, कधी त्याहून उशिरा येतो. प्रायोजकांकडे दिवाळीला मिठाई आणि कपडे मागण्यापेक्षा या निधीसाठी पैसे मागावेत, असे मला वाटते.

अंदाजपत्रक तरुणाच्या हाताने, खऱ्या आकड्यांवर करून घ्यावे. समजा हातात १३,००० रुपये येतात. सामायिक खोलीतील जागेचे ४,५००, खानावळीचे ३,५००, प्रवासाचे १,०००, फोनचे ३०० आणि साबण, औषध, पॅड अशा किरकोळ गोष्टींचे ७०० धरले, तर १०,००० संपले. उरलेल्या तीन हजारांतून दीड हजार पगाराच्या दिवशीच वेगळ्या खात्यात टाकायचे. राहिलेल्या दीड हजारातून कपडे, सिनेमा आणि मैत्रिणीच्या वाढदिवसाचा केक आणायचा आहे, हेही मान्य करावे. मौजेला जागाच नसलेले अंदाजपत्रक दुसऱ्या महिन्यात मोडते.

काही मुलांच्या नावे नुकसानभरपाईची मुदत ठेव असते आणि अठराव्या वर्षी ती त्यांच्या ताब्यात येते. नेमक्या त्याच वेळी वर्षानुवर्षे न भेटलेले नातेवाईक येऊ लागतात. पैसे कोणाला द्यायचे हा निर्णय सज्ञान व्यक्तीचाच आहे, पण ठेव मोडण्यापूर्वी काही दिवस थांबायचे आणि एका विश्वासू माणसाशी बोलायचे, हा नियम तिने स्वतःहून स्वीकारावा यासाठी आधीपासून बोलत राहावे.

फसवणुकीचे प्रकार नाव घेऊन सांगावेत. ‘तुझे बँक खाते दोन दिवस वापरायला दे, दोन हजार देतो’ असे सांगणारा मित्र त्या खात्यातून फसवणुकीचे पैसे फिरवतो, आणि पोलीस येतात ते खातेदाराकडे. स्वतःच्या नावाचे सिमकार्ड दुसऱ्याला देणे, ॲपवरून मिनिटात मिळणारे कर्ज, मित्राच्या दुचाकीच्या कर्जाला जामीन राहणे, यांचेही तसेच. पैसे गेलेच तर सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या मदत क्रमांकावर ताबडतोब तक्रार करायची, लाजून दोन दिवस घालवायचे नाहीत.

वर्षाला २० रुपये हप्त्याची प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना आणि ४३६ रुपयांची जीवन ज्योती विमा योजना, दोन्ही बँक खात्यातून घेता येतात. दोन्हींच्या अर्जात पुन्हा तोच नामनिर्देशनाचा रकाना आहे. भावंड, जवळची मैत्रीण किंवा प्रतिपालक यांपैकी कोणाचे नाव लिहायचे, हे आधी ठरवलेले असावे आणि त्या व्यक्तीला विचारलेले असावे. संस्थेच्या कर्मचाऱ्याने स्वतःचे नाव सुचवू नये.

सहावी पायरी: शरीर आणि मन

निघताना लसीकरण, रक्तगट, शस्त्रक्रिया, चालू औषधे आणि ॲलर्जी यांची एक पानाची नोंद द्यावी. फिट्स, एचआयव्ही, थायरॉइड किंवा मानसिक आजाराची औषधे सुरू असतील, तर नव्या गावातील कोणत्या रुग्णालयात ती मिळतील हे प्रत्यक्ष जाऊन पाहावे आणि किमान महिन्याची औषधे सोबत द्यावीत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा लाभ घेण्यासाठी शिधापत्रिका उपयोगी पडते, म्हणून तो कागद धान्य घ्यायचे नसले तरी काढावा.

गर्दीत वाढलेल्या मुलाला एकट्याच्या खोलीत पहिल्या रात्री झोप येत नाही. ही तक्रार क्षुल्लक समजू नये. सुरुवातीचे काही महिने दोघांनी किंवा तिघांनी मिळून राहणे त्यामुळेच चांगले ठरते. मन फार खचले तर टेली-मानस या शासकीय मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही बोलता येते. हा नंबर निघण्यापूर्वीच त्यांच्या फोनमध्ये जतन करून द्यावा आणि एकदा लावून दाखवावा.

सातवी पायरी: माणसे

प्रत्येक तरुणाच्या नावे किमान दोन मोठी माणसे ठरलेली असावीत. त्यांतील एक संस्थेच्या नोकरीत नसावे, कारण नोकरीतले माणूस बदलते. मार्गदर्शक होऊ इच्छिणाऱ्यांनी आधी स्वतःला विचारावे, की आपण निदान तीन वर्षे फोन उचलणार आहोत का. उत्साहाने येऊन सहा महिन्यांत दिसेनासा होणारा मार्गदर्शक अशा मुलांनी लहानपणापासून पुष्कळ पाहिलेला असतो. त्यापेक्षा सुरुवातीलाच ‘मी महिन्यातून एकदाच भेटू शकेन’ असे सांगणारा बरा. संस्थेतून आधी बाहेर पडलेले ताई-दादा हा दुसरा आधार. खोली कुठे स्वस्त मिळते आणि कोणता ठेकेदार पगार बुडवतो, हे त्यांच्याइतके कोणालाच माहीत नसते.

सणांचे नियोजन वेगळे करावे लागते. दिवाळीत वसतिगृह रिकामे होते, खानावळ बंद राहते आणि सहकारी गावी जातात. त्या चार दिवसांत हा तरुण कुठे जेवणार, हे नवरात्रातच विचारून ठेवावे. संस्थेने माजी मुलांना भाऊबीजेला बोलवावे ते पाहुणे म्हणून. नव्या मुलांसमोर यशाची गोष्ट सांगायला लावण्यासाठी नव्हे. त्यांची छायाचित्रे आणि पूर्वेतिहास देणगीच्या आवाहनात वापरू नयेत. बालकाची ओळख उघड करण्यास बाल न्याय अधिनियमाचे कलम ७४ मनाई करते, आणि सज्ञान झाल्यावर आपल्या भूतकाळाविषयी कोणाला काय सांगायचे हे ठरवण्याचा अधिकार सर्वस्वी त्या व्यक्तीचा असतो.

काहींना जन्मदात्यांचा शोध घ्यावासा वाटतो. त्यांना परावृत्त करू नये आणि एकट्याने पाठवूही नये. फाइलमधील माहिती समुपदेशकासोबत बसून वाचावी, दार उघडले जाणार नाही ही शक्यता आधी बोलून घ्यावी, आणि जाताना सोबत कोणीतरी असावे.

आठवी पायरी: पहिले वर्ष आणि त्यापुढे

पहिले तीन महिने आठवड्यातून एक फोन आणि महिन्यातून एक भेट, ती शक्यतो त्याच्या खोलीवर, ठेवावी. फोनवर सगळे ‘ठीक आहे’ असते. खोलीवर गेल्यावर रिकामा गॅस आणि न उघडलेले बँकेचे पत्र दिसते. भेटीत हिशेब तपासण्याचा आव नसावा. चहा पीत सहज विचारले की पुष्कळ कळते.

नोकरी सुटणे, खोली सोडावी लागणे, नापास होणे यांपैकी काहीतरी पहिल्या वर्षात घडेल, असे धरूनच चालावे. अशा वेळी परत येण्याची जागा कोणती हे आधी ठरवून, निघण्याच्या दिवशीच स्पष्ट सांगावे: अनुरक्षणगृहातील राखीव खाट, प्रतिपालकांचे घर किंवा मार्गदर्शकाच्या ओळखीचे वसतिगृह. ‘पुन्हा चूक केलीस तर दार बंद’ अशी अट घातली, तर तरुण संकटात सापडल्यावर सर्वांत आधी आपल्यालाच टाळू लागतो.

अनुरक्षणाची मुदत संपण्याच्या सहा महिने आधी पुन्हा एक बैठक घ्यावी. अर्थसाहाय्य थांबल्यावर अंदाजपत्रक कसे बदलेल, भाडेकरार कधी संपतो, शिक्षण बाकी असल्यास मुदतवाढीचा अर्ज केला आहे का, बँक, विमा आणि भविष्य निर्वाह निधीतील नामनिर्देशन अजून योग्य आहे का, हे त्या बैठकीत तपासावे. संस्थेतील केस फाइलमधून कोणत्या कागदांच्या प्रती हव्या आहेत, तेही तेव्हाच लेखी मागावे. पत्ता किंवा फोन नंबर बदलला तर तरुणाने कळवावे, अशी अपेक्षा आपण ठेवतो. संस्थेचा नंबर बदलला किंवा अधीक्षक बदलले, तर संस्थेनेही प्रत्येक माजी मुलाला तेवढ्याच तत्परतेने कळवावे.